येऊ नका, वारा फार आहे

२ नोव्हेंबर, रविवार

वीरधवलने दिवाळीला त्याच्या कंपनीची ही डायरी दिली. म्हणाला, "आई, मनातलं लिहीत जा, ताण कमी होतो." माझा ताण सहा फूट उंच आहे आणि या घटकेला सड्यावर शिटी वाजवत तंबूच्या खुंट्या ठोकतो आहे. तो लिहून कसा कमी होणार?

ताण म्हणजे आमचे हे. सुभेदार हंबीरराव शेलार. पलटणीतून निवृत्त झाले, मग साताऱ्याच्या एका कारखान्यावर पहारा सांभाळला, आता तिथूनही मोकळे. मोकळा माणूस घरात बसला की डबे मोजायला लागतो. म्हणून त्यांनी नवा उद्योग काढला. आमच्या कारवीवाडीच्या डोक्यावर जो सडा आहे, म्हणजे सपाट कातळाचं पठार, त्यावर आमची थोडी जमीन आहे. तिथे पाच तंबू लावायचे आणि शहरातल्या लोकांना डोंगर, वारा आणि चांदण्या दाखवायच्या.

वीरधवलला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, आता तुम्ही दोघं पुण्याला या. पाडव्याच्या जेवणावर बाप-लेकाचं ठरलं. सव्वीस जानेवारीपर्यंत एखाद्या दिवशी तरी पाचही तंबू भरले, तर इथेच राहायचं. नाही भरले, तर घराला कुलूप घालून पुणे. ह्यांनी शब्द दिला. फौजी माणसाचा शब्द एकदा गेला की परत येत नाही.

मी तेव्हा वाढत होते. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला पुणे हवं. नवव्या मजल्यावर नळाला पाणी, खाली उतरायला लिफ्ट. कवठे महांकाळसारख्या कोरड्या गावातून मी इथे नांदायला आले त्याला छत्तीस वर्षं झाली. ह्यांनी आसाम पाहिला, जैसलमेर पाहिलं, लेह पाहिलं आणि दर सुट्टीत त्याच्या गोष्टी सांगितल्या. मी म्हशी पाहिल्या आणि सासूबाईंचं आजारपण पाहिलं. "पुढच्या साली तुला न्हेतो" हे मी प्रत्येक सुट्टीत ऐकलं. एकदाही नेलं नाही. त्याचा मला राग आहे आणि तो इथे स्पष्ट लिहून ठेवते.

तेव्हा तंबू भरता कामा नयेत.

५ नोव्हेंबर

आज तंबू उभे राहिले. गाद्या मेढ्याच्या यासीन गादीवाल्याने केल्या. तो आणि त्याची बायको परवीन टेम्पोतून घेऊन आले. परवीन माझी जुनी मैत्रीण. तिच्याशिवाय माझ्या पोटातलं कोणाला माहीत नसतं, आणि तिच्या पोटात ते राहतं.

चार तंबू दोरी धरल्यासारखे एका रांगेत आहेत. पाचवा मात्र पार पलीकडे, कारवीच्या झुडपांच्या आडोशाला, आणि तोंड भलतीकडे, उगवतीला. मी म्हणाले, "आवं, पलटणीत असा तंबू लावला असता तर तुमाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

"जागा कमी पडली," हे म्हणाले. तिथे जत्रा भरेल एवढी जागा आहे.

त्यावर यासीन म्हणाला, "वहिनी, पाचव्याच्या गादीला सायेबांनी सावरीचा कापूस घालाय सांगितलाय. गुडघ्याला बरा असतो म्हनं."

"कुणाच्या गुडघ्याला?"

यासीनने परवीनकडे पाहिलं, परवीनने आभाळाकडे. "गिऱ्हाइकाच्या," हे म्हणाले आणि खुंटी ठोकायला लागले.

म्हणजे गुडघे दुखणारं एखादं गिऱ्हाईक डोंगर चढून येईल, या आशेवर महागाचा कापूस! असा धंदा बुडणार हे सांगायला ज्योतिषी नको. मला फार बरं वाटलं. माझेही गुडघे दुखतात, पण मला कोणी सावरीचा कापूस दिलेला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

वीरधवलच्या बायकोने, रेश्माने, तंबूंची जाहिरात मोबाइलवर टाकून दिली आणि निरोप यायला सुरुवात झाली. हे फोन घेऊन माझ्याकडे आले. "आगं, मला ही बारकी अक्षरं दिसत न्हाईत. लोक काय काय इचारत्यात. तूच उत्तरं देत जा."

माणूस आपण होऊन माझ्या हातात सापडला. मी फोन घेतला. मग ते ओट्यावर बसून वर्तमानपत्रातल्या निधन वार्ता वाचत बसले, चष्म्याशिवाय.

खोटं लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. खोटं बोलून गिऱ्हाईक पळवलं तर ते पाप. खरं सांगून पळालं तर त्याची मर्जी. पहिलाच निरोप एका पोराचा होता. ‘कॅम्पिंगसाठी वातावरण कसं आहे?’ मी लिहिलं:

‘येऊ नका, वारा फार आहे. टोपी उडाली की दरीत जाते, परत मिळत नाही. थंडी हाडात शिरते. चादर घेऊन येणाऱ्याची सकाळ होत नाही, जाड स्वेटर, कानटोपी आणि दोन जोड मोजे लागतात. रेंज एकाच दगडावर येते आणि त्या दगडावर आमचा बोकड बसलेला असतो.’

त्याने लगेच लिहिलं, ‘दोन तंबू ठेवा. १५ तारीख.’

पोरगं वेडं असावं. दुसरीने जेवणाचं विचारलं. मी लिहिलं, ‘कुळथाचं पिठलं, भाकरी, ठेचा. दुसरं काही मिळत नाही. पनीर मागणाऱ्याला मेढ्याचा रस्ता दाखवला जाईल.’ तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि तिसरा तंबू घेतला.

संध्याकाळी हे म्हणाले, "काय काय लिवलंस, वाचून दाखव." मी सगळं ठसक्यात वाचलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. सड्यावरच्या गारठ्याने खोकला झाला असणार. आलं घालून चहा दिला.

१२ नोव्हेंबर

आणखी गैरसोयी गोळा करायला आज सड्यावर गेले. न बघता लिहिलं तर ते खोटं होईल.

सडा मला नवा नाही. गवताला जाऊन जाऊन वाट पायाला पाठ आहे. पण तेव्हा जाताना हातात खुरपं असायचं आणि येताना डोक्यावर भारा. भाऱ्याखालून फक्त पायाचे अंगठे दिसतात. आज पहिल्यांदा रिकामी गेले. हातांचं काय करायचं तेच कळेना. शेवटी मागे बांधून चालले, पुढाऱ्यासारखी.

गैरसोयी भरपूर सापडल्या. वाळलेल्या गवतावरून पाय तेलावरून घसरावा तसा घसरतो, म्हणून गुळगुळीत तळव्याचे बूट चालत नाहीत. कड्याला आग्या मोहोळं आहेत, अत्तर मारून येणाऱ्याची खैर नाही. सावलीला एक झाड, तेही वाकलेलं. खाली वेण्णा नदीचं पाणी दिसतं, त्यावर ढगाची सावली सरकत जाते, ती एका काठाकडून दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत बघत बसावं लागतं. ही गैरसोयच म्हणायची, कारण वेळ जातो. घरी आले तेव्हा डाळ करपली होती.

गुडघे चढताना दुखले नाहीत. उतारावर थोडे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिले पाहुणे येऊन गेले. ह्यांनी काल सगळ्यांना रांगेत उभं करून हजेरी घेतली. नाव विचारलं की माणसाने ‘हाजिर’ म्हणायचं. आज पहाटे साडेपाचला शिटी, मग कवायत. ढेरपोटा एक इंजिनिअर हात वर-खाली करताना बघून मी मनात म्हणाले, झालं, आता हा गावभर बदनामी करणार. तो ह्यांच्यासोबत फोटो काढून गेला, सॅल्यूट करून.

पण खरी चूक माझ्या हातून झाली. निघताना दोन बायका घराशी निरोप घ्यायला आल्या. दोघींच्या गळ्यात मंगळसूत्र. माझा हात आपोआप हळदी-कुंकवाच्या करंड्याकडे गेला. कळेपर्यंत तांदूळ, नारळ आणि ब्लाऊजपीस काढून मी त्यांची ओटी भरत होते. एकीला पदर नव्हता, तिने टोपी पुढे केली. मी टोपीत ओटी भरली. ती रडायलाच लागली. म्हणाली, तिची आई गेल्यापासून कोणी ओटी भरली नव्हती. मग माझेही डोळे भरले.

नको होतं करायला. ज्यांना पळवून लावायचं त्यांची ओटी भरून कसं चालेल? पण दारातून सवाशीण तशीच कशी पाठवायची? ते मला जमणार नाही.

परवीनला फोनवर सांगितलं. ती हसत सुटली. "वहिनी, तुमाला वैर करायचं म्हटलं तरी आधी जेवायला घालाल तुमी."

२२ नोव्हेंबर

नवी युक्ती सुचली. पुण्याच्या सुमैरा नावाच्या शिक्षिकेने विचारलं की त्या मैत्रिणींना घेऊन निसर्गात फिरायला येणार आहेत, तर आसपास काय बघावं? मी म्हटलं, हिला आसपास ठेवायचंच नाही. लिहिलं:

‘इकडे कशाला येता? सगळेच इकडे येतात, गाड्यांची रांग लागते. सांगलीकडे जा. सागरेश्वराच्या अभयारण्यात हरणं दिसतात, पण सकाळी लवकर जा, उन्हाला तीसुद्धा झोपतात. मग दंडोबाच्या डोंगरावर जा. माझ्या माहेराजवळ आहे. पाणी बरोबर न्या, आमच्याकडे ते विकत घ्यायलाही लांब जावं लागतं. वरून सगळा कोरडा मुलूख दिसतो. द्राक्षाच्या बागा तेवढ्या हिरव्या. लहानपणी आम्ही तिथे पायी जायचो आणि डोंगरावरून घर ओळखायचो. ज्याला पहिलं दिसेल त्याला गुळाचा खडा. अडचण आली तर आमच्या नानासोला विचारा.’

आणि भावाचा नंबर दिला. गिऱ्हाईक चार-पाच तासांच्या अंतरावर गेलं. याला म्हणतात डोकं.

३० नोव्हेंबर, रविवार

नानासोचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, तू मला काय हाटेलवाला समजलीस काय गं? सहा बायका आल्या. म्हनल्या, राजेश्वरीताईंनी पाठवलंय. आता तुझं नाव घेतल्यावर मी काय दारातनं परत लावू? बाजरीच्या भाकरी केल्या, शेंगांची चटनी दिली. वर त्यांस्नी डोंगरावरनं आपलं घर दाखवायला मीच गेलो."

"दिसलं का रं घर?"

त्याचा चढलेला आवाज खाली आला. मग म्हणाला, "दिसलं. पत्रा बदललाय, तरी दिसलं. लय दिसांनी चढलो ताई. तू असतीस तर बरं झालं असतं."

फोन ठेवल्यावर मी डब्यातला गुळाचा खडा काढून तोंडात टाकला.

रात्री सुमैराबाईंचा निरोप आला. ‘ताई, तुम्ही सांगितलं तसंच सगळं होतं. जी बाई माहेराबद्दल इतकं खरं सांगते, तिने सासरच्या वाऱ्याबद्दलही खरंच सांगितलं असणार. आम्हाला तो वारा बघायचा आहे.’ सहा बायका, तीन तंबू, सहा डिसेंबरची रात्र.

डोकं कसलं, खोकं.

७ डिसेंबर, रविवार

सुमैराबाईंचा गट आजच गेला. चांगल्या बायका. कचरा पिशवीत भरून परत घेऊन गेल्या, मोठ्याने गाणी लावली नाहीत. ह्यांची शिटी वाजायच्या आत सुमैराबाई नमाज आटोपून कवायतीला तयार होत्या. ह्यांनी त्यांना टोळीनायक केलं.

मी त्यांना कड्यापर्यंत न्यायला गेले, नाहीतर गवतावरून घसरल्या असत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं भाग्य, रोज हे दिसतं." मी म्हणाले, रोज कुठलं, मला कामं असतात. मग मोजून बघितलं तर या आठवड्यात मी तिथे रोजच गेले आहे. गैरसोयींसाठी.

सड्याच्या तोंडाशी आज एक भलामोठा फलक लागला. कृष्णात पेंटरने रंगवला. वर ‘हुकूम’ आणि खाली माझी सगळी वाक्यं, एकही न गाळता. वारा फार आहे. पनीर मिळणार नाही. अत्तर मारून आल्यास मोहोळ जबाबदार. गवत वाळले आहे, आग पेटवणाऱ्यास परत पाठवले जाईल. अंधार पडायच्या आत कड्यावरून मागे फिरावे, कडा उद्याही असेल.

"कुणी दुकानाच्या दारात ‘माल वाईट हाय’ असं लिवतं का?" मी विचारलं.

"लोकास्नी कळायला पायजे," हे म्हणाले. मला एवढंच कळेना, मी वाचून दाखवलेलं त्यांनी शब्दन् शब्द पाठ कसं केलं?

१४ डिसेंबर, रविवार

चार तंबू भरले होते. आता एकच उरला. एक निरोप पाचव्यासाठीही होता, मी नाइलाजाने ह्यांना सांगितला. हे म्हणाले, "पाचवा नगं. गळतोय."

"डिसेंबरात?"

"दव गळतंय."

देवच पावला. बाहेर गेल्यावर मी पाचव्यात वाकून बघितलं. कोरडा ठणठणीत. गादीवर नवी रजई, एका कोपऱ्यात पितळी तांब्या झाकून ठेवलेला, माझ्या रुखवतातला. म्हणजे घरातली भांडीसुद्धा न विचारता वर नेली. "एकदा झोपून बघ की," हे मागून म्हणाले. मी म्हणाले, "मी काय पर्यटक हाय?" आणि तांब्या घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर होता.

२१ डिसेंबर, रविवार. पुणे

चार दिवसांसाठी वीरधवलकडे आले आहे, सवय व्हावी म्हणून. सगळं फार चांगलं आहे. नळाला पाणी आहे, दोन्ही वेळा. लिफ्ट आहे. रेश्मा मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. वीरधवलने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे आणि ती त्याने इतक्या मायेने दाखवली की मला भरून आलं.

सूर्य कुठून उगवतो, ते मात्र कोणाला सांगता आलं नाही. वीरधवलने फोनमध्ये बघून सांगितलं, समोरच्या इमारतीच्या मागून. वारा येत नाही. केस दिवसभर जागच्या जागी राहतात. हे चांगलंच आहे. रिकाम्या हातांचं इथेही काय करायचं कळत नाही, आणि मागे बांधून चालायला गॅलरी पुरत नाही.

परवीनच्या भाचीचं लग्न आहे म्हणून उद्याच परत निघते आहे. लग्न फेब्रुवारीत आहे, पण तयारी लागते.

११ जानेवारी, रविवार

दर आठवड्याला चार तंबू भरतात. मी लिहायचं ते लिहीत असते. काल एकाने विचारलं, लहान मुलांना आणावं का? मी लिहिलं, ‘आणा, पण मग ती परत घरी यायला तयार होत नाहीत, ती तुमची जबाबदारी.’ एका म्हातारीने विचारलं, गुडघे दुखतात, चढवेल का? तिला मी कुठे बसायचं, कुठे पाणी प्यायचं आणि कुठल्या दगडाला टेकायचं ते सगळं लिहून दिलं. मग लक्षात आलं की तिला येऊ नका असं लिहायचं राहून गेलं.

परवीन आली होती. तिने सरळ विचारलं, "वहिनी, तुमाला नक्की जायचंय ना पुण्याला?"

"मग! इतकी वर्षं वाट बघितली."

"पुण्याची?"

मला तिचा प्रश्न समजला नाही. चहा ओतून दिला.

२५ जानेवारी, रविवार

आज शेवटचा दिवस. वीरधवल आणि रेश्मा दुपारीच आले. चार तंबू भरलेले, सुमैराबाईंचा गटही पुन्हा आलेला. यासीन आणि परवीन जादा रजया घेऊन आले होते. पाचवा रिकामा. म्हणजे मी जिंकले. वीरधवलने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. मी उगाच चुलीतली राख चाळत बसले.

ऊन कलताना एक जोडपं पिशव्या घेऊन वर आलं. न सांगता आलेले, फलक वाचून आणखी खूश झालेले. एखादा तंबू द्याच म्हणाले. वीरधवल माझ्याकडे बघून हसला, "आई, आप्पा जिंकले वाटतं शेवटच्या घटकेला."

आणि हे म्हणाले, "पाचवा देता येत न्हाई. तुमी खाली घरात झोपा, जेवान हितंच करा."

वीरधवल म्हणाला, "आप्पा, हे दोघं राहिले तर पाच भरतात. तुम्ही जिंकता!"

"म्हाईत हाय."

"मग हरलात असं समजू?"

"समज. शब्द म्हंजे शब्द." असं म्हणून ते पाचव्याकडे गेले आणि वाकून त्यांनी पहिली खुंटी उपटली.

माझं डोकंच फिरलं. दारात आलेलं गिऱ्हाईक घालवतो हा माणूस! मी तरातरा गेले. "आवं, येड लागलं का तुमाला? तीन महिनं शिट्या फुकल्यासा, आन् आता रिकामा तंबू मोडतायसा? कुनासाठी ठेवला व्हता?"

ते खुंटी हातात घेऊन उभे राहिले. छत्तीस वर्षांत ह्यांना असं खाली बघताना मी पाहिलं नव्हतं.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "पाडव्याला आमी बाप-लेकानं ठरवलं, तुला इचारलंच न्हाई. ताट घिऊन आत गेलीस तवा तुझं त्वांड बघितलं मी. पन तोंडानं इचारलं असतं तर रागानं पुनं म्हनाली असतीस."

रागानेच म्हणाले असते. हे खरं आहे.

"तू हितं ऱ्हायलीस तर पाच. न्हाईतर चार. चारच झालं, तर मी आनंदानं पुन्याला यीन. तुला एकटीला मागं ठिवून लय फिरलो. आता तू म्हनशील तिकडं."

मला रडू आलं. त्यांच्या खांद्यावरून खाली दरीत वेण्णेच्या पाण्यावर ढगाची सावली सरकत होती. अर्ध्यावर आली होती, आणि मला पुण्यात बसून ती कधीच पलीकडे पोचलेली दिसणार नव्हती. मला इतके दिवस काय होत होतं, ते मला तेव्हा कळलं. परवीनला बहुतेक दिवाळीतच कळलं असावं, कारण ती यासीनला कोपराने ढोसत होती.

मी डोळे पुसले, खाली घरी गेले, पिशवीत स्वेटर, कानटोपी आणि दोन जोड मोजे भरले आणि परत वर येऊन फलकापाशी उभी राहिले. "सुभेदार! एका मानसाला जागा हाय का?"

ते धावतच आले. मग सावरून उभे राहिले. "नाव?"

"राजेश्वरी."

"गाव?"

"कवठे महांकाळ."

"हाजिर म्हना."

"म्हननार न्हाई. आधी माझ्या अटी. माझ्या तंबूपाशी शिटी वाजवायची न्हाई. आन् पावसाळ्यात तंबू बंद झाले की मला लेहला न्यायचं."

"न्हेतो."

"तारीख सांगा."

ते बोटांवर महिने मोजायला लागले. वीरधवलनेच खिशातून फोन काढला. "आई, ऑगस्टचं तिकीट बघतो." बघताना त्याने मान वर केली नाही. पुण्यातली रंगवलेली खोली त्याच्या मनात असणार. मी म्हणाले, "तुझी खोली मोडू नगंस. वारा नगंसा झाला की मी येतच जाईन." तो हसला आणि त्याने हार मानली.

मग ह्यांनी मला हुकूम वाचून दाखवला. वाचून कसला, अंधारत आलं होतं तरी लांबून, चष्म्याशिवाय, घडाघडा. वारा फार आहे, पनीर मिळणार नाही, कडा उद्याही असेल.

"तुमाला अक्षरं दिसत्यात?" मी विचारलं.

"कवापासनं," परवीन म्हणाली आणि मग सगळेच हसले, भिंतीकडे तोंड न करता. खोकला कसला होता, तेही आज कळलं.

२६ जानेवारी

सड्यावर झेंडावंदन झालं. पाचव्या तंबूचं तोंड भलतीकडे का आहे, ते मला पहाटे कळलं. उठावंही लागलं नाही. सावरीच्या गादीवर पडल्या पडल्या सूर्य समोर, थेट पायांपाशी.

निघताना एक पेच पडला. आमच्याकडून सवाशीण ओटीशिवाय जात नाही आणि मी तर पाहुणी. पण ओटी भरणारी घरातली बाईच पर्यटनाला आलेली. ह्यांनी करंडा तर आणला, पण तो हातात धरून नुसतेच उभे. रेश्मा पुढे होत होती, इतक्यात परवीनने करंडा घेतला. "हटा सायेब. सून कशाला, सून तर घरचीच. पाव्हनीची वटी मी भरनार." तिने कुंकू लावलं, नारळ दिला आणि ब्लाऊजपीस तिच्याच पसंतीचं, मोरपिशी, जे तिने आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. म्हणजे तिला खात्री होती. मी पदर पसरला.

दुपारी भाकऱ्या थापताना फोन वाजला. एकाने विचारलं होतं, ‘सूर्योदय कुठून चांगला दिसतो?’

पिठाच्या हातानेच मी लिहिलं, ‘पाचव्या तंबूतून. पण तो मिळणार नाही, तिथे कवठे महांकाळची एक बाई राहते.’